गाळी बघितली, गाली राहिली

आमच्या घरात दोन भाषा एकाच ताटात जेवतात. मी बेळगावच्या शहापुरातला मराठी माणूस, आणि आमची मंडळी धारवाडकडची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासुरवाडीला गेलो असताना सायकलच्या दुकानात मी मोठ्या रुबाबात "गाली हाकरी" म्हणालो आणि दुकानदारासकट सगळे मेहुणे हसत सुटले. गाळी म्हणजे हवा आणि गाली म्हणजे चाक. मी हवा भरायला सांगण्याऐवजी चाक भरायला सांगितले होते. आमच्या वाचकांपैकी निम्म्यांना हे सांगायची गरज नाही, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरात सांगणारे कोणी ना कोणी असेलच.

तो 'ल' आणि 'ळ' चा घोटाळा चाळीस वर्षांनी पुन्हा आठवायचे कारण घडले ते गोव्यात. आपण प्रवासाला निघताना पंपावर गाडी थांबवून गाळी न चुकता बघतो. गाली मात्र कोणी बघत नाही. चाक आहे, फिरते आहे, मग त्यात काय बघायचे? ते चाक ज्या पाच नटांवर उभे आहे त्यांच्याकडे तर आपले लक्षच जात नाही. माझेही गेले नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. माझे लक्ष गेले होते, आणि तरी मी बोललो नाही. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

आमची लेक डिचोलीला दिली आहे. चोर्ला घाटाचा रस्ता चांगला असला की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून केरी आणि साखळी करत आपण दुपारच्या जेवणाला डिचोलीत. व्याही सज्जन माणूस. त्यांचा एक टिपर खनिज वाहतुकीवर चालायचा. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात डिचोली आणि सत्तरीतल्या अंगणांतून किती टिपर चाकाखाली दगड लावून गंजत उभे राहिले ते ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. व्याह्यांनी आपला टिपर मिळेल त्या किमतीला विकला. २०२४ पासून डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले आहे, पण आता वय झाले. तेव्हा घरात गाड्यांचे वेड आहे ते पिढीजात. जावयाने दोन वर्षांपूर्वी एक जुनी मारुती जिप्सी घेतली तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही.

जिप्सी ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि २०१९ पर्यंत तयार होत होती. लष्करात, पोलिसांत, वनखात्यात ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. हलकी, चारही चाकांना ताकद देणारी, आणि पावसाळ्यात गोव्याच्या लाल चिखलातून बकरीसारखी चढणारी. २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची जंगलातल्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरू लागली, तेव्हापासून तर तिकडच्या तरुणांत अशा गाड्या घेऊन त्या सजवायची हौस फारच वाढली. उंच टायर, रुंद डिस्क, पुढे दोरखंडाची चरखी, वर दिव्यांची रांग. आमचे जावईबापू त्यातलेच. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, एवढे एक व्यसन सोडले तर.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोघे डिचोलीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लेकीच्या नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत पेडणे तालुक्यात होती. आदल्या संध्याकाळी जावई मोठ्या आनंदात घरी आले. जिप्सीला नवी चाके बसवून आणली होती. नवी म्हणजे आमच्या दृष्टीने जुनीच. कोणाच्या तरी जुन्या जीपच्या रुंद लोखंडी डिस्क, आठ आऱ्यांच्या, पांढऱ्या रंगवलेल्या, त्यांवर खोल नक्षीचे जाड टायर. डिस्क विकणाऱ्याने त्यांच्यासोबत चकचकीत वीस नट फुकट दिले होते. चार चाके, प्रत्येकी पाच नट. जिप्सीचे मूळ वीस नट जावयांनी बिस्किटाच्या डब्यात भरून मागच्या सीटखाली टाकले होते.

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. मी उद्यमबागेत एकतीस वर्षे लेथवर काढली. आटे पाडणे हा माझा पोटाचा धंदा. डोळे मिटून नट हातात घेतला तरी आटे बारीक की जाड हे माझी बोटे सांगतात. त्या संध्याकाळी जावयांनी कौतुकाने एक नट काढून माझ्या हातात दिला आणि मी तो पुन्हा स्टडवर चढवला. तो फारच सहज चढला. नुसता चढला नाही, तर बाजूला किंचित डुललासुद्धा, लहान पोराने बापाची चप्पल घातल्यासारखा. बोटांनी तेव्हाच सांगितले की हे जोडपे एकमेकांचे नाही.

मी म्हणालो काय? "छान दिसतात."

याला कारण होते. सहा महिन्यांपूर्वी त्याच जिप्सीच्या आवाजावरून मी चार गोष्टी जरा जास्तच ऐकवल्या होत्या आणि लेकीने मला बाजूला घेऊन सांगितले होते, "बाबा, ते काही तुमच्या वर्कशॉपमधले शिकाऊ नव्हेत." खरेच होते ते. तेव्हापासून मी ठरवले होते की जावयाच्या गाडीबद्दल तोंड उघडायचे नाही. मान राखण्याच्या नादात माणूस कुठल्या गोष्टीवर गप्प बसावे आणि कुठल्या नाही याचा विवेक हरवून बसतो. शिवाय नट आवळताना घट्ट बसले होते. मनाची समजूत घालायला तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढे जावई आणि मी, मागे मंडळी, लेक आणि पाच वर्षांची नात. डिचोलीहून अस्नोडा, पुढे कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका. सगळे मिळून तीसएक किलोमीटरचा प्रवास. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून धारगळच्या बाजूचा हमरस्ता टॅक्सी आणि बसगाड्यांनी भरलेला असतो. पूल ओलांडून थोडे पुढे गेलो असू तेवढ्यात मागून आवाज आला.

"री, हिंदिन गाल्याग येनो शब्द बरतैत्री."

मागच्या चाकात काहीतरी आवाज येतोय. इंजिनच्या घरघरीत आम्हा दोघा पुरुषांना काहीच ऐकू आले नव्हते. जावयांनी "नवीन टायरचा असेल" म्हणून हसण्यावारी नेले. मंडळी पुन्हा म्हणाली, "टायरचा आवाज सारखा असतो. हा टक्-टक् असा आहे, चाकाबरोबर फिरतोय." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणालो, "बापू, गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता."

डावे मागचे चाक. पाचांपैकी तीन नट हाताने फिरत होते. दोन स्टडच्या आट्यांची टोके चेचून चमकत होती. डिस्कच्या भोकांभोवतीचा पांढरा रंग खरवडून आतले लोखंड उघडे पडले होते. आणि त्या चाकाच्या बरोबर वर, मागच्या सीटवर, नात खिडकीतून हात बाहेर काढून नारळाची झाडे मोजत बसली होती. त्यापुढे काय झाले असते ते मी लिहीत नाही. वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरात एखादे नातवंड असेल.

बायकामाणसांना तिथूनच एका ओळखीच्या गाडीने पुढे पाठवले आणि आम्ही पेडण्याहून मिस्त्रीला बोलावले. स्कूटरवरून अवजारांची पिशवी घेऊन एक मुलगा आला. नट बघितला, स्टड बघितला आणि अजून गाडीत न बसलेल्या आमच्या मंडळींकडे पाहून, कुंकवावरून की बोलण्यावरून कोण जाणे, थेट कन्नडमध्ये बोलला, "इदु जीपिंदु, अक्कार. जिप्सीदल्ला." हा जीपचा आहे, जिप्सीचा नव्हे. मुलगा रामदुर्गकडचा निघाला. गोव्यात गॅरेजमध्ये हाक मारावी आणि उत्तर कन्नडमध्ये यावे, हे आपल्याला नवीन नाही.

मग त्याने जे दाखवले ते मला ठाऊक होते, जावयांना नव्हते. ते तुम्हालाही सांगतो, कारण हा घोटाळा एकट्या आमच्या घरातला नाही.

जुन्या जीपचा जन्म अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, आणि तिचेच सुटे भाग आणून महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत सगळे माप इंचात. म्हणून जीपच्या चाकाचा स्टड अर्ध्या इंचाचा, आणि त्यावर एका इंचात वीस आटे. जिप्सी ही जपानच्या सुझुकीची. तिचे माप मिलिमीटरमध्ये. स्टड १२ मिलिमीटरचा आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर सव्वा मिलिमीटर, म्हणजे १.२५. २०२३ साली आलेल्या मारुती जिम्नीचेही हेच माप आहे.

आता गंमत पाहा. दोन्ही गाड्यांच्या चाकाला पाच भोके, आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास जीपचा साडेपाच इंच, जिप्सीचा १३९.७ मिलिमीटर. साडेपाच गुणिले २५.४ करून पाहा. आकडा तोच येतो. म्हणून जीपची डिस्क जिप्सीवर चपखल बसते आणि माणसाला वाटते की सगळेच जुळले. नटाचे गणित मात्र वेगळे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. इंचाला वीस आटे म्हणजे एका आट्याचे अंतर १.२७ मिलिमीटर. म्हणजे आट्यांच्या अंतरात फरक दोन शतांश मिलिमीटरचा, जो बोटाला कळत नाही. आणि जाडीत फरक पाऊण मिलिमीटरच्या जवळ, जो जीव घेऊ शकतो. आटे जवळपास जुळत असल्यामुळे जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर लोण्यासारखा चढतो. पण नटाचे भोक मोठे असल्याने आटे एकमेकांत पुरते रुततच नाहीत. जवळजवळ निम्मी पकड गेलेली असते. आवळताना घट्ट लागतो, आणि नंतर खड्डा, वळण, ब्रेक असे धक्के बसत गेले की टोकाटोकांवर धरलेले आटे चेचून सुटायला लागतात.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवतात. चुकीचा नट अडला तर तो आपला मित्र. दीड मिलिमीटर आट्याचा नट सव्वाच्या स्टडवर चढवायला गेलात तर एक-दोन फेऱ्यांत अडतो, आणि शहाणा माणूस तिथेच थांबतो. (हल्लीच्या हवेच्या बंदुकीला मात्र अडलेले कळत नाही, ती आटे कापत पुढे जाते. म्हणून पहिल्या पाच-सहा फेऱ्या हातानेच द्याव्यात.) खरा शत्रू तो, जो चुकीचा असून सहज चढतो. माणसांचेही तसेच आहे म्हणा.

वाटेल ते चाक वाटेल त्या नटाने बांधू नये याची कारणे आणखीही आहेत. हल्ली मूळ लोखंडी चाके काढून ॲलॉयची चाके घालायची पद्धत आपल्याकडेही आली आहे, तेव्हा दोन-चार गोष्टी घरातल्या सगळ्यांना माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट नटाच्या बुडाची. नट चाकाच्या भोकात जिथे टेकतो ती जागा प्रत्येक चाकाची वेगळी. कुठे ती गाळणीसारखी उतरती असते, बहुतेक वेळा साठ अंशाची, आणि तिला तसाच निमुळता नट लागतो. होंडासारख्या काही गाड्यांच्या मूळ चाकांत ती वाटीसारखी गोल असते आणि नटाचे बूडही गोल असते. टोयोटाच्या बऱ्याच मूळ ॲलॉय चाकांत ती सपाट असते. नटाला खाली लांब मान आणि वायसर असतो. आता सपाट जागेवर निमुळता नट बसवला, किंवा वाटीत गाळणी बसवली, तर नट फक्त एका रेघेवर टेकतो. वरून बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. पण ॲलॉय मऊ असते, ती रेघ दबत जाते आणि नट आपोआप सैल होतो. तेव्हा दुसऱ्या कंपनीची चाके घेताना नट चाकाच्या भोकाप्रमाणे घ्यायचा आणि आटे गाडीच्या स्टडप्रमाणे. दोन्हीकडचे सोयरे सांभाळणारी ही मधली व्यक्ती आहे, एका बाजूचे मन राखून तिचे भागत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. ॲलॉय चाक लोखंडी डिस्कपेक्षा जाड असते, त्यामुळे स्टड कमी बाहेर येतो. नटात स्टड किती शिरला हे फेऱ्या मोजून कळते. ढोबळ नियम असा की स्टडची जाडी जेवढी, निदान तेवढी लांबी नटात हवी. १२ मिलिमीटरचा स्टड आणि सव्वाचे आटे असतील तर साडेनऊ-दहा फेऱ्या, दीडचे असतील तर आठ. तीन-चार फेऱ्यांत नट घट्ट झाला तर ते चाक त्या गाडीचे नव्हे. याच्या उलटही होते. टोपीचे बंद नट लावले आणि स्टड लांब असला तर स्टडचे टोक टोपीला आतून टेकते, पाना अडतो, आपण म्हणतो घट्ट झाले, आणि चाक मात्र तसेच मोकळे.

तिसरी गोष्ट मधल्या मोठ्या भोकाची. गाडीचा हब त्यात नीट बसला पाहिजे. ते भोक मोठे असेल तर कडे घालून जागा भरतात. ते कडे चाक मधोमध बसवते, गाडीचे ओझे काही पेलत नाही. ते काम नटांच्या आवळण्याचेच.

आणि इथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटते की गाडी त्या पाच स्टडवर टांगलेली असते, खुंटीला पिशवी टांगावी तशी. तसे नसते. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. दाबलेल्या त्या दोन पृष्ठभागांतले घर्षण गाडी पेलते. ताण गेला की घर्षण गेले, मग चाक स्टडवर आपटायला लागते. आमच्या मंडळींनी ऐकलेला टक्-टक् तो हाच.

म्हणूनच आवळायचेही माप असते. ते गाडीच्या पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. साधे गणित असे की एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर दहा किलो वजन टांगले की जवळजवळ शंभर न्यूटन-मीटर होतात. अर्ध्या मीटरच्या पान्यावर त्यासाठी वीस किलोचा जोर लागतो. आता आपल्याकडची रीत आठवा. सत्तर किलोचा गडी चाळीस सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहून दोन उड्या मारतो. नुसता उभा राहिला तरी पावणेतीनशे न्यूटन-मीटर झाले. असा नट घट्ट होत नाही, त्याचा स्टड ताणून निकामी होतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावून आवळले तरी तेच, कारण निसरड्या आट्यांवर त्याच जोरात ताण कितीतरी वाढतो. समुद्राजवळ खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो, म्हणून मोह होतो; पण त्याला उपाय तारेच्या ब्रशने स्टड साफ करणे हा आहे. नट एकामागून एक गोल न आवळता समोरासमोरचे, चांदणी काढावी तसे आवळावेत. आणि चाक नव्याने बसवले की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावावा. नव्या रंगाचा थर दबतो, धूळ चेपते, तेवढी सैलाई येतेच. आमच्या पांढऱ्या डिस्कांना तर नट टेकायच्या जागीही जाड रंग होता.

संध्याकाळी व्याह्यांना सगळे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तरुणपणी खाणीवर चालवलेल्या जीपची गोष्ट सांगितली. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे. उजवीकडे फिरवले की सुटायचे, डावीकडे फिरवले की घट्ट. गाडी पुढे जाताना चाकाच्या फिरण्याने नट सुटू नये म्हणून ही योजना. स्टडवर इंग्रजी 'एल' कोरलेले असायचे. हे न कळून नवा क्लीनर सोडवायच्या नावाखाली आवळत बसायचा आणि स्टड मोडायचा. "पहिला मोडला तेव्हा मुकादम ओरडला," व्याही म्हणाले, "दुसरा मोडला तेव्हा मीच विचारलं, हे असं का? विचारलं म्हणून कळलं."

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला सैन्य निघाले तेव्हा त्या मोहिमेची जमवाजमव आपल्या बेळगावातच झाली होती, आणि एक तुकडी दोडामार्गावरून बेतीपर्यंत पोचली. त्या काळी आपल्या लष्कराची ओळख म्हणजे जीप. जुनी माणसे सैन्याच्या गाड्यांबरोबर जीपचीही आठवण सांगतात, आणि जुन्या जीपच्या डिस्क, नट, पाने अजून आपल्या भागातल्या भंगारवाल्यांकडे निघतात. वस्तू मजबूत आहे म्हणून टिकली. तिची जोडी कोणाशी हे ज्यांना माहीत होते ती माणसे मात्र एकेक करून कमी होत चालली आहेत.

आता त्या दिवशीचे उरलेले सांगतो. रामदुर्गच्या त्या मुलाने ड्रम काढला, चेचलेले दोन स्टड ठोकून बाहेर काढले, नवे बसवले. मग विचारले, मूळचे नट कुठे आहेत? बिस्किटाचा डबा सीटखालून निघाला. एकेक नट त्याने हाताने चढवला, आणि तो कसा सरळ, न डुलता, किंचित जडपणे चढतो ते जावयांच्या बोटांना दाखवले. बाकीच्या तीन चाकांचे नटही बदलले. डिस्कच्या भोकांतला रंग खरवडला. पैसे देताना मी थोडे जास्त दिले तर त्याने ते परत केले.

जावई गप्प होते. शेवटी म्हणाले, "मामा, काल तुम्ही नट चढवला तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं?"

असा प्रश्न कोणी विचारू नये असे वाटते आणि कोणी विचारला नाही तर रात्री झोप लागत नाही. मी खरे ते सांगितले. कळले होते. तुम्हाला राग येईल म्हणून बोललो नाही.

ते म्हणाले, "राग आला असता. पण नट काढले असते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वास्तुशांतीच्या जेवणाला आम्ही दोघे तिसऱ्या पंक्तीला पोचलो. मंडळींना सगळे कळल्यावर त्यांनी माझ्या ताटात वाढता वाढता एवढेच म्हटले, "आतुरगारनिगे बुद्धि मट्ट अंतार. सुम्म इद्दवनिगे?" उतावळ्याला बुद्धी कमी म्हणतात. आणि गप्प बसणाऱ्याला? पहिला अर्धा भाग म्हण आहे. दुसरा त्यांचा स्वतःचा.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादा मुलगा, पुतण्या, जावई अशी गाडी घेऊन सजवत असेल. त्याची हौस मोडू नका. पण चाके बदलून आणली की त्याच्याजवळ बसून चार प्रश्न विचारा. स्टडचे माप काय, आटे कोणते? नट चाकाच्या भोकात कसा टेकतो? किती फेऱ्या बसतात? पुस्तकातल्या मापाने आवळला का? स्टेपनीसाठीही तेच नट चालतील का हेही विचारा, नाहीतर घाटात पंक्चर झाल्यावर लोखंडी स्टेपनी एकीकडे आणि ॲलॉयचे नट दुसरीकडे अशी वेळ येते. रिमवर आयएसआयची खूण पाहा. मडगार्डच्या बाहेर येणारे टायर आणि कंपनीच्या तपशिलाबाहेरचे बदल कायद्यातही बसत नाहीत. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि गोव्यात गेलात तर गाडी कितीही दणकट असली तरी मोरजी-मांद्र्याच्या वाळूत उतरवू नका. किनाऱ्यावर वाहन नेणे हा तिथे गुन्हा आहे, आणि त्या वाळूत कासवे अंडी घालतात.

ते चकचकीत वीस नट मी बेळगावला घेऊन आलो. कोणाला देऊन टाकले असते तर ते पुन्हा कुठल्यातरी जिप्सीवर चढले असते. एक टेबलावर ठेवला आहे, बाकीचे व्याह्यांच्या ओळखीच्या एका जीपवाल्याला, माप तपासून, देणार आहे. त्याच्या गाडीवर ते सुखाने नांदतील.

परवा लेकीचा फोन आला. जिप्सी बाहेर काढायच्या आधी नात आता प्रत्येक चाकापुढे उकिडवी बसते आणि बोट लावून मोजते, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." आज्जीने शिकवले आहे. पाच भरले की मग मराठीत बापाला हुकूम सोडते, "चला!" तोपर्यंत गाडी सुरू करायची कोणाची टाप नाही. नट घट्ट आहे की नाही ते मोजून कळत नाही, हे मला माहीत आहे. पण ती मोजायला बसली की तिचा बाप पाना घेऊन शेजारी बसतो.